लवचीकता सांध्यात असते

मोठ्या संस्थेची संगणकप्रणाली लवचीक हवी, यावर दुमत नाही. वाद आहे तो मार्गाचा. एक पक्ष म्हणतो, हिशेब, भांडार, वेतन, ग्राहकनोंदी असे सगळे सॉफ्टवेअर एकाच कंपनीकडून घ्यावे. ते आधीच जुळलेले असते आणि बिघाड झाल्यास जाब एकालाच विचारता येतो. दुसरा पक्ष सुचवतो ती खुली मानके मात्र, पहिल्याच्या मते, समित्यांत रेंगाळतात आणि मंजूर झाल्यावरही प्रत्येक कंपनी ती आपल्या सोयीने वाकवते.

जुळणीचा मुद्दा पहिल्या काही वर्षांपुरता खरा आहे. कंपनीने दर वाढवले किंवा एखादे सॉफ्टवेअर बंद केले, की तीच जुळणी बेडी होते. युनिकोड हे अक्षरसंकेतांचे सामाईक मानक रुळण्यापूर्वी मराठी कार्यालयांनी हे भोगले. फॉन्टगणिक अक्षरांचे संकेत वेगळे असल्याने एका फॉन्टमध्ये टंकलेले पत्र तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांची रांग होऊन उघडे. मजकूर कार्यालयाचा, किल्ली विक्रेत्याची!

मानके संथ असतात, हे कबूल. पण ते त्यांचे बळही आहे. ईमेल पोचवणारे एसएमटीपी हे मानक १९८२ साली प्रसिद्ध झाले. त्यात पुढे भर पडली, तरी गाभा टिकला. म्हणूनच परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांच्या टपालपेट्या आजही एकमेकींशी बोलतात. सांधा स्थिर असला की दोन्ही बाजूंना वेगाने बदलता येते.

वाकवण्याचा आक्षेप अधिक वजनदार आहे. एसक्यूएल ही डेटाबेसची भाषा १९८७ पासून आंतरराष्ट्रीय मानक असूनही प्रत्येक डेटाबेसची स्वतःची बोली आहेच. म्हणून मानक सोडायचे नसते. शक्य तितके काम प्रमाण भाषेत करून बोलीतला भाग एका वेगळ्या थरात कोंडायचा असतो. मग डेटाबेस बदलताना मुख्यतः तो थरच नव्याने लिहावा लागतो.

मात्र ‘खुले’ हा शिक्का पुरेसा नाही. भारत सरकारच्या नोव्हेंबर २०१०च्या ई-प्रशासनविषयक धोरणाने त्याच्या कसोट्या दिल्या आहेत: मानकाचा तपशील सर्वांना उपलब्ध हवा, त्यासाठी लागणाऱ्या पेटंटांवर स्वामित्वशुल्क नको आणि त्याची देखभाल सर्वांना सहभाग देणाऱ्या ना-नफा संस्थेकडे हवी. सॉफ्टवेअरचा स्रोत खुला असलाच पाहिजे, असा त्याचा अर्थ नाही.

या कसोट्या निविदेत उतरल्या पाहिजेत. संस्थेचा सगळा डेटा खुल्या स्वरूपात बाहेर काढून दुसऱ्या प्रणालीत भरून दाखवण्याची अट करारावर सही होण्यापूर्वीच घालावी. विक्रेता बदलता येतो, हे त्यानेच सिद्ध करून द्यावे.