मदत की बक्षीस?

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत हल्ली फीचा विषय निघाला की महाराष्ट्राचा उल्लेख होतोच. "तिकडे मुलींची फी माफ झाली म्हणे!" झाली, हे खरं आहे. ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी तिथे माफ आहे. पण आपले पूर्वज शिंद्यांबरोबर इकडे आले असले आणि घरात अजून पुरणपोळी होत असली तरी आपल्याला त्याचा उपयोग नाही. तिथे अधिवास लागतो, मातृभाषा नाही. आपलं सरकार भोपाळचं.

आता भोपाळचं सरकार काहीच देत नाही असं मुळीच नाही. २०१७ पासून मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजना आहे. बारावीला एमपी बोर्डात ७० टक्के किंवा सीबीएसईत ८५ टक्के हवेत, उत्पन्न मर्यादेत हवं आणि मूलनिवासी प्रमाणपत्र हवं. एवढं जमलं की सरकारी किंवा अनुदानित कॉलेजची फी सरकार भरतं. जेईईत दीड लाखाच्या आत रँक असेल तर खाजगी इंजिनिअरिंगसाठीही दीड लाखापर्यंत रक्कम मिळते. ही काही लहान गोष्ट नाही.

माझा आक्षेप आहे तो नावातल्या 'मेधावी' या शब्दावर. ६९ टक्केवाल्याच्या वडिलांचा पगार तेवढाच असतो आणि फीही तेवढीच. मग तो एका टक्क्याने कमी गरजू कसा झाला? बरं, टक्के कुणाला पडतात तेही आपल्याला ठाऊक आहे. ज्याला कोचिंग परवडतं आणि घरी अभ्यासाला वेगळी खोली आहे, त्याला सत्तरी गाठणं सोपं. म्हणजे आधी ज्याच्याकडे थोडं होतं, त्यालाच आणखी. याला बक्षीस म्हणा, माझी हरकत नाही, पण मदत म्हणू नका. द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला आपल्या कॉलेजात बहुतेकांनी ऐकलाय. शेवटच्या तासाला आलेल्यालाही मालक पूर्ण मजुरी देतो, कारण पोट त्यालाही असतं.

यावर एक उत्तर मिळतं की सरकारचा पैसा लायक मुलांवरच खर्च व्हावा. पण असंघटित कामगारांच्या मुलांसाठी २०१८ मध्ये आलेली जनकल्याण योजना बारावीचे टक्के न बघताही फी भरते. त्यामुळे हे जमत नाही असं कुणी सांगू नये. मधल्यामध्ये लटकतात ती दुकानात हिशेब लिहिणाऱ्याची, छोट्या खाजगी शाळेत शिकवणाऱ्या बाईंची मुलं. कामगार म्हणून त्यांची नोंद नाही आणि टक्के ६८.

खाजगी, विनाअनुदानित कॉलेजात बी.ए., बी.कॉम. करणाऱ्यांची गोष्ट तर आणखी वेगळी. तिथे मेधावी योजना पोचतच नाही. खाजगी कॉलेजांची फी ठरवायला राज्यात २००७ च्या कायद्याने समिती आली आणि सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये तो कायदा योग्य ठरवला. पण ती व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरती. बी.ए.ची फी वाढली तर दाद कुठे मागायची?

आणि फी म्हणजे तरी काय? मेधावी योजनेत मेसचा खर्च आणि कॉशन मनी धरत नाहीत. भिंड, मुरैना, डबऱ्याहून रोज अप-डाऊन करणाऱ्याला विचारा, वर्षाचं भाडं किती होतं ते. कितीतरी जण फी भरून झाल्यावर भाड्यापायी कॉलेजला येणं कमी करतात आणि मग हजेरी कमी पडली म्हणून बोलणी खातात. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना खोलीच्या भाड्यासाठी आवास सहायता मिळते, म्हणजे राहण्याचा खर्च हा शिक्षणाचाच खर्च असतो हे सरकारला माहीत आहे.

योजना बंद करा असं मी म्हणत नाही. आधी उत्पन्न बघा, टक्के नंतर. सत्तरच्या वर पूर्ण फी देताय ना, मग साठ ते सत्तरवाल्यांना निदान अर्धी द्या, आणि बसच्या पासचे पैसे त्यात धरा.