उधारीचा हिशेब एकाच डब्यात ठेवू नका

जव्हार-मोखाड्यात कपड्याचा धंदा म्हणजे बराचसा उधारीचा धंदा. दिवाळीनंतर इथली आदिवासी कुटुंबे वीटभट्टीवर किंवा बांधकामावर मजुरीला जातात, होळीला घरी येतात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. साडी, शर्टपीस, पोरांचे कपडे उधार नेतात आणि मजुरी हातात पडेल तसे पैसे फेडतात. या देण्याघेण्याचा लेखी पुरावा बहुधा एकट्या दुकानदाराकडेच असतो. पूर्वी तो लाल वहीत असे, आता कॉम्प्युटरमध्ये नाहीतर मोबाईलमध्ये असतो. म्हणून हिशेब कशात साठवला आहे, ही बाब मेकॅनिकवर सोडून चालणार नाही. तो आमच्या धंद्याचा आणि इमानदारीचा प्रश्न आहे.

साठवणुकीची साधने किती झपाट्याने बदलली ते पाहा. १९५६ साली अमेरिकेत आयबीएम कंपनीने पहिली हार्ड डिस्क आणली. कपाटाएवढ्या त्या यंत्रात ५० तबकड्या होत्या आणि मावत होती ५० लाख अक्षरे. आपल्याकडे टॅलीची सुरुवात १९८६ मध्ये झाली आणि नव्वदच्या दशकात व्यापाऱ्यांचे हिशेब १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीवर उतरू लागले. मग ७०० मेगाबाइटची सीडी आली, २००० साली ८ मेगाबाइटचा पेनड्राइव्ह आला. आज नखाएवढ्या कार्डात शेकडो गिगाबाइट मावतात. पण सोनी कंपनीने २०११ मध्ये फ्लॉपीची विक्री थांबवली आणि आजच्या बहुतेक नव्या लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नसते. माल गोदामात सुरक्षित, पण कुलपाची चावी बाजारातून नाहीशी, असा हा प्रकार आहे.

पुष्कळ दुकानदार म्हणतात, बिघडले तर शहरात नेऊन डेटा काढून आणू. हा भरवसा किती खरा आहे? हार्ड डिस्कवरची फाइल पुसली म्हणजे सहसा अनुक्रमणिकेतली तिची नोंद जाते. त्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत मजकूर तसाच असतो, म्हणून तो परत काढता येतो. नव्या एसएसडीत मात्र पुसलेली जागा यंत्र बहुधा स्वतःच साफ करून टाकते. मोबाईलमधील माहिती आता सांकेतिक रूपात कुलूपबंद असते. फोन फॅक्टरी रिसेट केला की त्या कुलपाची किल्लीच नष्ट होते, मग कितीही हुशार कारागीर असो, त्याचा इलाज चालत नाही. हार्ड डिस्क टकटक वाजू लागली तर ती ताबडतोब बंद करावी, कारण पुन्हा पुन्हा चालू केल्याने तबकडी खरवडली जाऊ शकते. ती उघडायला धूळमुक्त खोली लागते. हे काम महाग असते आणि सगळा हिशेब परत मिळेलच याची खात्री नसते. थोडक्यात, साठवण स्वस्त झाली, पण गेलेले परत मिळवणे अवघड झाले.

मग काही बुजुर्ग म्हणतात, आपली वहीच बरी. वहीला वीज लागत नाही हे खरे, पण आग आणि पाणी तिलाही सोडत नाहीत. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली आणि वरच्या मजल्यांवरच्या फायली जळाल्या. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा पाण्याने कागद आणि कॉम्प्युटर असा भेद केला नाही. तात्पर्य, एकच प्रत एकाच छपराखाली ठेवणे हाच खरा धोका आहे.

आमचे व्यापारी बांधवांना सांगणे एवढेच की, रोज दुकान बंद करताना हिशेबाची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या आणि ती घरी न्या. पेनड्राइव्ह म्हणजे तिजोरी नव्हे. वर्षानुवर्षे नुसता पडून राहिला तर त्यातील मजकूर पुसट होऊ शकतो, म्हणून त्यावरही विसंबू नका. दुसरी प्रत इंटरनेटवर ठेवा. इकडच्या खेड्यांत नेटवर्क सगळीकडे मिळत नाही, तेव्हा जिथे मिळेल तिथे चढवा. महिन्यातून एकदा दोन्ही प्रती उघडून पाहा, कारण न उघडणारी प्रत ही प्रतच नव्हे. जीएसटी नोंदणी असलेल्यांनी तर वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जपणे कायद्यानेच बंधनकारक आहे.

शेवटची प्रत सर्वांत स्वस्त आहे. उधारीच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला एक छोटी वही द्या आणि घेतलेला माल व फेडलेली रक्कम तिच्यात त्याच्यासमोर लिहा. हिशेब हरवला तर आमचे चार पैसे बुडतील, ते सोसता येईल. पण भट्टीवर राबून ज्याने पै-पै चुकती केली, त्याच्याकडे पुन्हा मागायची वेळ आली तर ती आमची बेइज्जती आहे आणि त्याच्यावर जुलूम आहे. त्याच्या घरातली ती वही दोघांनाही वाचवील.