नवा प्रोसेसर आणि जुनी घाई

नव्या वस्तूवर आपला विश्वास लवकर बसतो, आणि तिच्याकडून अपेक्षाभंग झाला म्हणजे तो तितक्याच लवकर उडतो. संगणकावर खेळणाऱ्या विद्यार्थ्यांमध्यें याचा प्रत्यय हल्लीं वारंवार येतो. खाऊचे पैसे सांठवून, अथवा वडिलांच्या पगारांतून कांहीं रक्कम मागून घेऊन, नवा प्रोसेसर बसविला जातो. आणि पहिल्याच संध्याकाळीं खेळ पूर्वींपेक्षांहि अडखळत चालूं लागतो. मग तत्काळ निकाल ठरतो, "हा प्रोसेसरच वाईट!" किंवा त्याहून महाग असा, "आतां नवें ग्राफिक्स कार्डहि पाहिजे!" आमचें मत असें आहे कीं, हे दोन्ही निकाल बहुधा पुराव्यावांचून दिलेले असतात, आणि दुसऱ्याची किंमत पालकांना मोजावी लागते.

प्रथम खेळांतील चित्र कसें तयार होतें तें पाहूं. सेकंदास 60 चित्रें दाखवावयाचीं तर प्रत्येकास सुमारें 16.7 मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या अवधींत कोण कोठें उभा आहे, चेंडू कोणीकडे जाणार, याचा हिशेब प्रोसेसरनें करावयाचा, आणि त्या हिशेबावरून चित्र ग्राफिक्स कार्डानें रंगवावयाचें. दोघांपैकीं जो मंद, त्याचीच गति ती साऱ्या खेळाची गति. मोटेला तगडे बैल जुंपले, पण पाट अरुंद असला, तर पिकाला पाणी अधिक मिळत नाहीं. मात्र यावरून खेळ सुधारला कां नाहीं, एवढेंच समजतें. तो बिघडला कां, याचें कारण निराळ्या ठिकाणीं शोधावें लागतें.

उदाहरणादाखल एएमडी कंपनीची एएम-4 ही बैठक घ्या. 2017 सालीं पहिले रायझन प्रोसेसर या बैठकीवर आले, आणि 2022 च्या एप्रिलमध्यें आलेला रायझन 7 5800 एक्स-3-डी हाहि तिच्यावरच बसतो. त्याच्या पोटांत 96 मेगाबाइट एल-3 कॅश असल्यामुळें खेळांसाठीं तो फार नांवाजला गेला. पांच वर्षांपूर्वींचा मदरबोर्ड न बदलतां असा प्रोसेसर वापरतां यावा, ही मोठीच सोय. परंतु त्या बोर्डावरील बायोसला नव्या पाहुण्याची ओळख असावी लागते; सबब जुना प्रोसेसर जागेवर असतांनाच बायोसची नवी आवृत्ति घालून घ्यावी. वीज जाण्याचा संभव असेल त्या वेळीं हें काम मुळींच हातीं घेऊं नये. तें अर्ध्यावर तुटलें तर बोर्ड कायमचा मुका होऊं शकतो.

येथेंच पहिला फांस असतो. बायोस बदललें म्हणजे त्यांतील पूर्वींच्या नोंदी बहुधा पुसल्या जातात. डीडीआर-4 रॅमच्या पाकिटावर 3200 हा आंकडा छापलेला असतो, पण एक्सएमपी ही नोंद पुन्हां चालू केली नाहीं, तर तीच रॅम 2133 अथवा 2400 या गतीनें चालते, आणि प्रोसेसरला तिची वाट पाहत बसावें लागतें. पंखा बसवितांना रॅमच्या दोन पट्ट्यांपैकीं एखादी सैल झाली, तर रॅम निम्मी होते आणि दोन वाटांचें काम एकीनें चालतें.

दुसरा फांस उष्णतेचा. पंख्याखालील धातूच्या तबकडीवर कारखान्यांत चिकटविलेला प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा काढावयाचा राहून जातो, उष्णतावाहक लेप नीट पसरत नाहीं, किंवा स्क्रू एका बाजूस ढिले राहतात. वर सांगितलेल्या प्रोसेसरची उष्णतेची मर्यादा 90 अंश सेल्सिअस आहे. ती गांठली कीं तो स्वतःच्या रक्षणासाठीं आपली गति आपणच कमी करतो. पहिलीं पांच मिनिटें खेळ झकास आणि पुढें मंद, असें झाल्यास प्रथम इकडे पाहावें.

तिसरा फांस हास्यास्पद वाटेल, परंतु तो खरा आहे. रायझन 5 5600 जी यासारख्या कांहीं प्रोसेसरांत चित्र काढण्याची सोय अंगचीच असते. मॉनिटरची केबल चुकून मदरबोर्डास जोडली तरी चित्र दिसतें, म्हणून कोणास संशय येत नाहीं. आणि हजारों रुपयांचें ग्राफिक्स कार्ड पेटींत स्वस्थ बसून राहतें.

विद्यार्थिमित्रहो, हीं सारीं कारणें पैशावांचून दूर होणारीं आहेत. लागते ती केवळ पद्धति. जुना प्रोसेसर काढण्यापूर्वींच एका खेळांतील एकच प्रसंग चालवून सेकंदास किती चित्रें पडतात तें वहींत लिहावें. नवा बसविल्यावर तोच प्रसंग पुन्हां चालवावा. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्यें रॅमची गति व ग्राफिक्स कार्डावरील भार हीं दोन्हीं दिसतात. मग चित्राचा आकार 1920 गुणिले 1080 वरून 1280 गुणिले 720 वर आणावा. चित्रांची संख्या बरीच वाढली, तर अडथळा कार्डाचा होता. वाढली नाहीं, तर तो प्रोसेसर, रॅम वा उष्णता यांच्याकडे आहे. आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. चार गोष्टी एकदम बदलणाऱ्याचा संगणक कदाचित् सुधारेल, पण कशानें सुधारला हें त्यास कधींच कळणार नाहीं.

कधीं कधीं दोष खरोखरच वस्तूंत असतो, हेंहि आम्ही नाकारीत नाहीं. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील कांहीं डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होत असल्याचें 2024 सालीं उघड झालें. प्रोसेसर गरजेपेक्षां अधिक विद्युत्‌दाब मागत होता. त्या कंपनीनें दुरुस्तीची सूत्रावली दिली आणि हमीची मुदत दोन वर्षांनीं वाढविली. अशा वेळींहि दुकानदारापुढें नुसता संताप नेण्यापेक्षां आंकड्यांची वही नेणें अधिक उपयोगी पडतें.

पालकवर्गास आमची एक विनंति आहे. "खेळच तो, त्यांत काय एवढें?" असें म्हणून या खटपटीची हेटाळणी करूं नये. प्रयोगशाळेंत आम्ही मुलांना जें शिकवितों, तेंच येथें तीं आपण होऊन करीत असतात. तथापि नवें कार्ड मागणाऱ्या मुलाजवळ आधीं वही मागावी. वहींत आंकडे नसतील, तर खुशाल नकार द्यावा. आणि कार्ड अपुरें असल्याचें आंकड्यांवरून ठरत असेल, तर त्याचें म्हणणें निदान शांतपणें ऐकून घ्यावें. पैसे देणें न देणें हा घरच्या ऐपतीचा प्रश्न आहे. परंतु पुरावा घेऊन आलेल्या मुलास पुराव्यानेंच उत्तर मिळालें पाहिजे.