तपासणी झाली, पुढे काय? शालेय परिचारिकेचा विस्मृत इतिहास

१/
शाळांतून आरोग्य तपासणीची शिबिरे होतात, तक्ते भरले जातात, आकडे वर पाठवले जातात. परंतु केवळ तपासणीने मुलाचे हित साधत नाही, हा धडा जगाने सव्वाशे वर्षांपूर्वीच घेतला होता. तो आज पुन्हा वाचण्याची गरज आहे. हा धागा त्याविषयी.

२/
एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील मोठ्या शहरांत शाळा तुडुंब भरल्या होत्या. एका वर्गात दाटीवाटीने बसलेली मुले म्हणजे साथीच्या रोगांना मोकळे रान. म्हणून १८९४ मध्ये बॉस्टनने आणि १८९७ मध्ये न्यूयॉर्कने शाळांत तपासणीसाठी डॉक्टर नेमले. हेतू एकच : रोगी मूल शोधावे आणि वर्गाबाहेर काढावे.

३/
न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागात युरोपातून आलेली स्थलांतरित कुटुंबे कोंदट चाळींत राहत. खुपऱ्या, खरूज, नायटा, उवा ही तेथील मुलांची नित्याची दुखणी. डॉक्टर मुलाच्या हाती चिठ्ठी देऊन त्याला घरी धाडत. अनेक आईबापांना इंग्रजी वाचता येत नसे. ज्यांना येत असे, त्यांच्यापाशी औषधाला पैसे नसत.

४/
परिणाम विपरीत झाला. घरी पाठवलेले मूल संध्याकाळी त्याच गल्लीत, त्याच वर्गमित्रांबरोबर खेळे. रोग पसरायचा तो पसरतच राही. बुडे ती फक्त शाळा. नियम काटेकोर पाळला जात होता आणि त्याचा मूळ हेतू मात्र रोज पराभूत होत होता.

५/
याच वस्तीत लिलियन वाल्ड या परिचारिकेने १८९३ पासून घरोघर शुश्रूषेचे काम आरंभले होते. डोक्यावरच्या चट्ट्यांमुळे शाळेने दार बंद केलेला बारा वर्षांचा एक मुलगा त्यांना आढळला. मलम नियमित लावताच तो बरा झाला आणि शाळेत गेला. त्याची वाट अडवणारा रोग असाध्य नव्हता. मलम लावणारे कोणी नव्हते, एवढेच.

६/
वाल्ड यांच्या आग्रहावरून १ ऑक्टोबर १९०२ रोजी लीना रॉजर्स या कॅनडात जन्मलेल्या परिचारिकेला चार शाळांत प्रयोगादाखल नेमण्यात आले. किरकोळ दुखण्यांवर त्या शाळेतच उपचार करीत आणि शाळा सुटल्यावर मुलांच्या घरी जाऊन आयांना औषध कसे लावावे ते दाखवीत. महिनाभराचा अनुभव पाहून शहराने ही योजना स्वतःच्या खर्चाने वाढवली.

७/
सप्टेंबर १९०२ मध्ये शहरातील शाळांनी १०,५६७ मुलांना घरी पाठवले होते. सप्टेंबर १९०३ मध्ये हा आकडा १,१०१ वर आला. तो जपून वाचावा. रोग नऊ-दशांशाने घटले, असा त्याचा अर्थ नाही. ज्या दुखण्यापायी पूर्वी मूल हाकलले जाई, त्याच दुखण्यावर आता शाळेत औषध मिळू लागले. बदलली ती मुख्यतः व्यवस्था. हेच या प्रयोगाचे खरे यश.

८/
इंग्लंडचा अनुभव याला दुजोरा देतो. बोअर युद्धाच्या वेळी सैन्यभरतीस आलेल्या तरुणांची खालावलेली प्रकृती पाहून राज्यकर्ते हादरले. १९०७ च्या कायद्याने शाळकरी मुलांची तपासणी बंधनकारक झाली. उपचाराची केवळ मुभा देण्यात आली. प्राथमिक शाळांतील मुलांच्या उपचाराची सोय हे स्थानिक संस्थांचे कर्तव्य ठरायला १९१८ साल उजाडावे लागले. दोष दिसणे आणि दोष दूर करण्याची जबाबदारी स्वीकारणे यांत अकरा वर्षे गेली. मार्गारेट मॅकमिलन यांच्यासारख्यांनी ती उणीव डेप्टफर्डमध्ये १९१० साली मुलांचा दवाखाना काढून आपल्या परीने भरून काढली.

९/
भारतातील आरंभ बडोद्याचा. कवळाण्यात जन्मलेल्या सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. १९०९ मध्ये बडोदा शहरात देशातील पहिली शालेय वैद्यकीय तपासणी झाली. हा क्रम अर्थपूर्ण आहे. मुलाला शाळेत बसण्याची सक्ती करणारे राज्य त्याच्या प्रकृतीबाबत हात झटकू शकत नाही.

१०/
मात्र १९४६ मध्ये भोर समितीला ब्रिटिश हिंदुस्थानात शालेय आरोग्यसेवा जवळपास नसल्याचेच आढळले. पुढे योजना आल्या आणि गेल्या. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. फिरती पथके अंगणवाड्यांना वर्षातून दोनदा आणि शाळांना एकदा भेट देतात व गरजू मुलांना पुढील उपचारासाठी पाठवतात. जन्मजात व्यंगांपासून विकासातील विलंबापर्यंत तिची व्याप्ती मोठी आहे आणि तिचे मोल नाकारता येणार नाही.

११/
तरीही वर्षातून एकदा येणारे पथक म्हणजे १८९७ चा डॉक्टर; १९०२ ची परिचारिका नव्हे. पथक दोष शोधते, चिठ्ठी देते. ती चिठ्ठी घेऊन तालुक्याच्या गावी जायचे तर मजुरी बुडते, एसटीचे भाडे लागते, कोणत्या खिडकीपाशी उभे राहायचे ते ठाऊक नसते. चिठ्ठी आणि उपचार यांच्यामधले हे अंतर चालून जाणारे माणूस शाळेशी कायमचे जोडलेले असावे लागते.

१२/
शाळेचे काम शिकवणे. दवाखाना तिच्या माथी कशाला, असा आक्षेप घेतला जातो. पण फळ्यावरचे न दिसणारे मूल किंवा दाढदुखीने बेजार झालेले मूल वर्गात असूनही शिकत नाही. रॉजर्स यांच्या कामाचे माप तरी कोणते? वर्गात टिकलेली मुले. हा हिशेब दवाखान्याचा नसून शाळेचाच आहे.

१३/
म्हणून शालेय आरोग्य योजनेची परीक्षा किती मुले तपासली यावर होऊ नये. ज्यांच्यात दोष आढळला त्यांपैकी किती बरी झाली, किती जणांना चष्मा मिळाला, किती परत वर्गात बसली, हे विचारले जावे. काही शाळांच्या समूहामागे एक कायम परिचारिका नेमणे ही मागणी नवी नाही आणि अवास्तवही नाही. न्यूयॉर्कला तिचा उपयोग पटायला एक महिना पुरला होता.