गप्प बसलेल्याचे अवयव

जिवंतपणी ‘नाही’ असं लेखी कळवलं नाही, तर मेल्यावर अवयव काढून घ्यायला त्या माणसाची हरकत नव्हती असं सरकारने धरून चालावं, असा कायदा भारतात करा, ही मागणी अधूनमधून डोकं वर काढते. मागणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाणारा रुग्ण असतो. माझ्याही असतो. मी अवयवदानाच्या बाजूचा आहे आणि म्हणूनच या मागणीला माझा कडवा विरोध आहे.

असा प्रश्न आपल्याला विचारला गेलाय हेच ज्याला ठाऊक नाही, त्याच्या गप्प राहण्याला संमती म्हणायचं? शहरातला वकील फोनवरून पाच मिनिटांत नकार नोंदवून मोकळा होईल. बीडहून ऊसतोडीला गेलेली बाई ट्रॅक्टरखाली सापडून मेंदूमृत झाली, तर तिच्या वतीने सरकारच हो म्हणेल. आणि तिचं यकृत जाईल कुणाला? यकृत प्रत्यारोपणं बहुतेक खासगी रुग्णालयांत होतात, बिल लाखांत जातं. तिच्या नवऱ्याला त्या यादीत नाव घालणंही परवडणार नाही. ही लूट आहे.

अतिशयोक्ती वाटत असेल, तर १९९४च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याचं कलम ५ वाचा. रुग्णालयात किंवा तुरुंगात पडलेला मृतदेह ४८ तासांत जवळच्या नातेवाइकाने मागितला नाही, तर तिथला प्रमुख त्याचे अवयव काढायला परवानगी देऊ शकतो. इतक्या तासांनी मूत्रपिंड किंवा यकृत कुणाच्या कामाचं राहत नाही, ते सोडा. बेवारस माणसाला आणि कैद्याला विचारायची गरज नाही, हे आपल्या कायद्याने केव्हाच ठरवून टाकलंय.

स्पेनचा दाखला हमखास दिला जातो. तिथे गृहीत संमतीचा कायदा १९७९चा. दात्यांची संख्या वाढली ती १९८९मध्ये राष्ट्रीय प्रत्यारोपण संस्था उभी राहिल्यावर, रुग्णालयारुग्णालयांत प्रशिक्षित समन्वयक नेमल्यावर. हे समन्वयक बरेचदा अतिदक्षता विभागातलेच डॉक्टर असतात, ते घरच्यांशी बोलतात आणि घरच्यांनी नकार दिला तर तो मानतात. त्या संस्थेचे संस्थापक राफाएल मातेसान्झ स्वतः या यशाचं श्रेय कायद्याला देत नाहीत. ब्राझीलने १९९७मध्ये नुसता कायदा केला. लोक घाबरले, ओळखपत्रांवर ‘दाता नाही’ अशी नोंद करून घ्यायला धावले. पुढच्याच वर्षी सरकारला माघार घ्यावी लागली. इंग्लंडने २०२०मध्ये तोच मार्ग धरला. त्यानंतर तिथे नातेवाइकांच्या होकाराचं प्रमाण वाढण्याऐवजी घसरलंय.

आपल्याकडे २०११च्या दुरुस्तीने अतिदक्षता विभागातल्या रुग्णाच्या नातेवाइकांना अवयवदानाबद्दल विचारणं डॉक्टरांचं कर्तव्य ठरवलं. ते पाळलं जातंय का, हे कोण तपासतं? मेंदूमृत्यू जाहीर करायला चार डॉक्टर लागतात, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी लागते. ही जुळवाजुळव होत नाही म्हणून कित्येक ठिकाणी तो जाहीरच होत नाही. मग नातेवाइकांना विचारणार कोण आणि कशाबद्दल? हे अपयश व्यवस्थेचं आहे आणि ते झाकायला मेलेल्याची संमती गृहीत धरायची म्हणे!

कलम ५ रद्द करा. अतिदक्षता विभाग असलेल्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयात पूर्ण वेळ, कायम पगारावरचा समन्वयक नेमा. तिथे किती मेंदूमृत्यू झाले, किती जाहीर झाले आणि किती घरच्यांना विचारलं गेलं, हे आकडे दर महिन्याला लोकांसमोर ठेवा.