काय ठेवावे, काय विकावे?

आपल्या स्मरणिकेत आहार, व्यायाम, मधुमेह, रक्तदाब या विषयांवर दरवर्षी उत्तम लेख येतात. यंदा संपादकांच्या अनुमतीने मी एका वेगळ्या, काहीशा संकोचाच्या विषयाला हात घालत आहे. विषय आहे आपल्या घरांतील कपाटे अडवून बसलेल्या हँडबॅगांचा, विशेषतः महागड्या परदेशी बॅगांचा. ‘डॉक्टरांच्या स्मरणिकेत हा कसला विषय?’ असे काही ज्येष्ठांना वाटेल. परंतु गेल्या काही वर्षांत आपल्यापैकी अनेक कुटुंबांवर जुना बंगला सोडून लहान घरात जाण्याचा प्रसंग आला आहे. अशा वेळी पुस्तके, भांडी, साड्या आणि बॅगा यांतले काय ठेवावे व काय विकावे हा प्रश्न दिसतो तितका साधा नसतो. त्यात पैशाचा हिशेब असतो, नात्यांचा असतो आणि आपण कसे जगलो याचाही असतो.

हुबळी आणि धारवाड यांच्या मध्ये असलेले आपले अमरगोळ एकेकाळी बाजार समितीचे आवार आणि चालुक्यकालीन बनशंकरीचे देऊळ एवढ्याच ओळखीवर होते. पुढे नवनगर व अमरगोळ परिसरात वस्ती वाढली आणि आपल्यातील कित्येकांनी उमेदीच्या काळात येथे प्रशस्त घरे बांधली. आता मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा समुद्रापार गेली आहेत आणि जिना चढताना गुडघे तक्रार करतात. आम्हीही यंदा तळमजल्यावरील तीन खोल्यांच्या घरात जात आहोत. त्या निमित्ताने बॅगांची मोजदाद केली, तर आकडा निघाला चौतीस! सतरा परिषदांतून मिळालेल्या, नऊ परदेशी नाममुद्रांच्या, पाच आपल्याच भागातील कातडी व कापडी आणि तीन सासू-सासऱ्यांच्या काळातील.

अपघात विभागात एकाच वेळी अनेक रुग्ण आले की आपण आधी वर्गवारी करतो. जो सर्वांत मोठ्याने ओरडतो तो सर्वांत गंभीर असतोच असे नाही, हे आपण विद्यार्थिदशेतच शिकतो. कपाटापुढे उभे राहतानाही हाच धडा उपयोगी पडतो. किंमत मोठ्याने ओरडते, उपयोग आणि आठवण गप्प असतात.

प्रथम परिषदांच्या बॅगा. यांना कोणी विकत घेणार नाही, पण त्यांच्याविषयी बोलणे भाग आहे. यांतील बहुतेकींवर कुठल्या ना कुठल्या औषधाचे नाव छापलेले आहे. भारतीय वैद्यक परिषदेने डिसेंबर २००९ मध्ये आचारसंहितेत दुरुस्ती करून डॉक्टरांनी औषध कंपन्यांकडून भेटवस्तू घेण्यास मनाई केली. अशा भेटींवरील खर्च कंपन्यांना आयकरात वजा करता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दिला. मार्च २०२४ च्या औषध विपणन संहितेनेही डॉक्टर आणि त्यांचे कुटुंबीय यांना वैयक्तिक लाभाच्या भेटी देण्यास बंदी केली. नियम कडक होत गेले, तरी जुन्या बॅगा माळ्यावर तशाच राहिल्या. त्यांतील मजबूत असतील त्या छापील नाव झाकून गरजू विद्यार्थ्यांना द्याव्यात. मात्र चेन तुटलेली, अस्तर फाटलेली बॅग मोलकरणीच्या हाती देऊन ‘दान केले’ असे म्हणू नये. जे आपण हाती धरणार नाही ते दुसऱ्याच्या हाती देणे याला दान म्हणत नाहीत. ती आपल्या कचऱ्याची बदली असते.

आता मुख्य विषय, म्हणजे परदेशी नाममुद्रांच्या बॅगा. ‘आई, विकू नकोस, यांची किंमत वाढते, ही गुंतवणूक आहे,’ असे माझ्या लेकीने अमेरिकेतून फोनवर सांगितले. हे मत हल्ली पुष्कळ ठिकाणी ऐकू येते, म्हणून त्याचा थोडा विचार करू. फ्रान्समधील एर्मेस या पेढीच्या ‘बर्किन’ आणि ‘केली’ यांसारख्या मोजक्या बॅगा वापरून झाल्यावरही चढ्या भावाने विकल्या जातात, हे खरे आहे. त्या मुद्दाम थोड्या बनवल्या जातात आणि मागेल त्याला मिळत नाहीत. पण या मोजक्या उदाहरणांवरून सगळ्या महागड्या बॅगांविषयी अनुमान काढणे म्हणजे लॉटरी लागलेल्या एका शेजाऱ्याकडे पाहून नोकरी सोडण्यासारखे आहे. बहुतेक नाममुद्रांच्या बॅगांची किंमत दुकानाबाहेर पाऊल पडताच घसरते. सोन्यासारखा रोजचा जाहीर भाव नाही, व्याज नाही, लाभांश नाही आणि घ्यायला येणारा गिऱ्हाईक स्वतःच भाव ठरवतो. अशा वस्तूला हौस म्हणावे. हौस करण्यात गैर काही नाही, पण तिला गुंतवणुकीचा अंगरखा घालू नये.

शिवाय आपल्याकडची हवा या ‘गुंतवणुकी’ला मानवत नाही. धारवाडकडचा पाऊस ज्यांनी अनुभवला आहे त्यांना जुलै-ऑगस्टमध्ये बंद कपाटातील चामड्यावर येणारी पांढरी बुरशी ठाऊक आहे. कृत्रिम चामड्याची गत त्याहून वाईट. त्यातील पॉलियुरेथेनचा थर दमट हवेने विघटित होतो आणि न वापरताही पापुद्रे सुटू लागतात. यावर उपाय म्हणून आपण बॅगेत डांबरगोळ्या टाकतो. बालरोगतज्ज्ञ या नात्याने येथे एक इशारा देते. ज्या बाळांत जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असते त्यांना डांबरगोळीतील नॅफ्थलीनच्या वाफेने रक्तपेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. घरी नातवंड येणार असेल तर डांबरगोळ्या आधी बाहेर काढाव्यात. बॅगा पातळ सुती कापडात गुंडाळून, आत कागद भरून, अधूनमधून सावलीत वारा द्यावा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवणे म्हणजे बुरशीला आमंत्रण.

बर्किन बॅगेचीच गोष्ट पाहा. १९८४ साली जेन बर्किन या अभिनेत्री-गायिकेसाठी एर्मेसचे प्रमुख जाँ-लुई द्युमा यांनी ही बॅग घडवली. विमानप्रवासात शेजारी बसलेल्या या बाईंनी, सामान मावेल अशी बॅगच मिळत नाही, अशी तक्रार केली होती, असे सांगतात. बाईंनी ती बॅग मनसोक्त वापरली. तिच्यावर कागदी चिकटपट्ट्या लावल्या, पट्ट्याला नखे कापायचे नेलकटर अडकवले. १९९४ साली त्यांनी ती एड्सविरोधी कार्याला निधी मिळावा म्हणून लिलावाला दिली. तीच बॅग, ओरखड्यांसह आणि डागांसह, १० जुलै २०२५ रोजी पॅरिसमध्ये सोदबीजच्या लिलावात सुमारे ८६ लाख युरोंना गेली. आपल्या चलनात ही रक्कम ऐंशी कोटींहून अधिक होते. अर्थात ही किंमत त्या बाईंच्या कीर्तीची आहे. आपल्या ओरखड्यांना कोणी कोटी देणार नाही. तरीही बोध स्पष्ट आहे. जगातील सर्वांत महाग ठरलेली हँडबॅग ही भरपूर वापरलेली आणि एका चांगल्या कामासाठी हातावेगळी केलेली बॅग होती. पेटीत झाकून ठेवलेली नव्हती.

विकायचे ठरल्यास काही पथ्ये पाळावीत. मूळ पावती व पेटी असेल तर ती सोबत द्यावी. नकली बॅग अस्सल म्हणून विकणे हा गुन्हा आहे. भेट मिळालेल्या बॅगेविषयी शंका असेल तर जाणकाराकडून खात्री करून घ्यावी. मगर, अजगर अशा प्राण्यांच्या कातडीची वस्तू असेल तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि अशा वस्तूंच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय निर्बंध आड येतात. वनखात्याशी विचारविनिमय केल्यावाचून तिची खरेदी-विक्री करू नये. सरकारनेही या वस्तूंकडे लक्ष वळवले आहे. एप्रिल २०२५ मध्ये दहा लाख रुपयांहून अधिक किमतीच्या ज्या चैनीच्या वस्तूंवर विक्रेत्याने ग्राहकाकडून एक टक्का कर गोळा करावा असे ठरले, त्यांच्या यादीत घड्याळे आणि नौका यांच्या पंक्तीला हँडबॅगही बसली आहे!

तथापि विक्रीआधीचे सर्वांत महत्त्वाचे पथ्य कायद्याचे नाही, नात्याचे आहे. भेट देणाऱ्याला विचारावे. माझ्या नऊ बॅगांपैकी सात लेकीने आणि जावयांनी वेळोवेळी आणलेल्या. न विचारता विकल्या असत्या तर माझा संकोच वाचला असता, पण तिचे मन दुखावले असते. विचारल्यावर ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, “आई, तू त्या कधी वापरल्याच नाहीस ना? मला फोटोत दिसतच नाहीत.” बोलणे खरे होते. त्या बॅगा एवढ्या महाग की बाजारात न्यायची भीती, दवाखान्यात न्यायची लाज आणि लग्नात न्यायची कटकट. ज्या वस्तूची आपल्याला धास्ती वाटते ती वस्तू आपली नसते, आपण तिचे राखणदार असतो.

दोघींनी मिळून निर्णय घेतला. चार विकल्या. दिलेल्या किमतीच्या निम्मेही हाती आले नाहीत, हे ‘गुंतवणूक’वाद्यांच्या माहितीसाठी नमूद करते. चार लेकीच्या मैत्रिणींना व माझ्या भाच्यांना त्यांच्या पसंतीने दिल्या. नववी मात्र ठेवली. ती लेकीच्या पहिल्या पगाराची. बाजारात तिलाच सर्वांत चांगला भाव येत होता, आणि आमचे यजमान व्यवहारी असल्याने त्यांनी तो दोनदा ऐकवलाही. पण पहिल्या पगाराला भाव नसतो. ठेवायची तर वापरायची, एवढी अट मी स्वतःला घातली. आता ती माझ्याबरोबर बँकेत जाते, भाजीला जाते. तिच्या पट्ट्यावर एक डाग पडला आहे आणि मला त्याचे दुःख नाही.

आता आपल्या भागातील बॅगांविषयी. जून २०२५ मध्ये इटलीतील प्रादा या पेढीने मिलानच्या प्रदर्शनात कोल्हापुरी वहाणांसारख्या वहाणा मांडल्या आणि मूळ स्थानाचा उल्लेख न केल्याने आपल्याकडे गदारोळ झाला. पुढे पेढीने प्रेरणा भारतीय असल्याचे मान्य केले. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जे भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर यांच्याबरोबर कर्नाटकातील बेळगाव, बागलकोट, विजापूर आणि आपला धारवाड हे जिल्हेही आहेत, हे आपल्यातील कितीजणांना माहीत आहे? परदेशी पेढीचा राग आपण सर्वांनी केला. पण त्याच चामड्यावर, त्याच हातांनी काम करणाऱ्या आपल्या चर्मकाराशी आपण पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करतो आणि फ्लॉरेन्सच्या टाक्याला लाख मोजताना हूं की चूं करीत नाही. त्याहून कटू गोष्ट अशी की, ज्या कलेसाठी तिकडे कारागिराला मान मिळतो, तिच्याचसाठी आपल्या समाजाने त्याला पिढ्यान्‌पिढ्या वेशीबाहेर ठेवले. माझ्या तीन कातडी बॅगा मी विकणार नाही, कारण त्या दुरुस्त करता येतात. नवा पट्टा, नवी चेन, दोन टाके, की आणखी दहा वर्षे चालतील. दुरुस्त होणारी वस्तू ठेवावी आणि दुरुस्त करणाऱ्याला सांगेल तो दाम द्यावा. उरलेल्या दोन कापडी पिशव्या तर रोजच्या वापरातल्याच. त्यांच्याविषयी प्रश्नच नाही.

राहिल्या तीन. एक सासूबाईंचा कसुतीकाम केलेला बटवा. कसुतीतील गवंती टाका गाठ न मारता घातला जातो आणि कापडाच्या दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. आतून एक नि बाहेरून एक असे नसणारे हे काम सासूबाईंच्या स्वभावाला शोभणारे होते. दुसरी त्यांची प्रवासाची ट्रंकवजा पेटी, जिची कड गंजली आहे. ती मी मोडीत घातली, कारण प्रत्येक जुनी वस्तू ही आठवण नसते. काही वस्तू केवळ जुन्या असतात. तिसरी सासऱ्यांची व्हिजिटची बॅग. ते हुबळीत सायकलवरून घरोघर रुग्ण पाहायला जात. बॅगेचे चामडे तडकले आहे, कुलूप लागत नाही, बाजारात शंभर रुपये येणार नाहीत. चौतीस बॅगांत हिच्याविषयी मात्र आमच्या घरात कोणालाच प्रश्न पडला नाही. नात यंदा वैद्यकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बॅग तिच्याकडे जाईल. रुग्ण आपल्याकडे येतो तसे कधीकाळी डॉक्टरही रुग्णाकडे जात असत, एवढे तिला त्या बॅगेने सांगितले तरी पुरे.

माझे मत थोडक्यात असे. जे वापरतो, जे दुरुस्त होते आणि ज्यात एखाद्या माणसाचे श्रम किंवा प्रेम ओळखू येते ते ठेवावे. जे केवळ किमतीमुळे ठेवले आहे ते, देणाऱ्याला सांगून, विकावे. विकता येत नसेल आणि चांगले असेल तर द्यावे. आणि हे सर्व हातपाय व स्मृती धड असताना करावे. आपल्या माघारी मुलांनी आठ दिवसांच्या रजेत कपाटे उपसावीत हा त्यांच्यावर अन्याय आहे.

शेवटी मंडळाला एक सूचना. चार बॅगांचे जे पैसे आले ते मी बाहेरगावाहून उपचारांसाठी येणाऱ्या गरीब रुग्णांच्या औषधांकरिता व प्रवासखर्चाकरिता वेगळे ठेवले आहेत. नवनगरच्या कर्करोग रुग्णालयात आणि किम्समध्ये दुरून येणारी माणसे आपण रोज पाहतो. गोळ्यांपेक्षा बसचे भाडे कित्येकदा जड जाते. दिवाळीपूर्वी एक रविवार ठरवून सभासदांनी न वापरलेल्या उत्तम वस्तू आणाव्यात, योग्य किंमत लावून आपसांत विकाव्यात आणि जमा होणारी रक्कम या कामी लावावी. कार्यकारिणीने मनावर घेतल्यास पहिले टेबल मांडण्याची जबाबदारी माझी.