दंगल आवरायला कायदा अपुरा पडतो का? मुंबई आणि भिवंडीची साक्ष

धागा. १८९३ हे वर्ष इतिहासप्रेमींच्या लक्षात असते ते सार्वजनिक गणेशोत्सवामुळे. त्याच वर्षी ११ ऑगस्टला, शुक्रवारच्या नमाजानंतर, जुम्मा मशिदीच्या परिसरात दंगल उसळली आणि मुंबईच्या देशी वस्त्यांतून ती वाऱ्यासारखी पसरली. पार्श्वभूमी प्रभासपाटणच्या दंगलीची होती. मुंबईत सुमारे ८० माणसे मृत्युमुखी पडली, दीड हजाराहून अधिक जणांना अटक झाली आणि लष्कर रस्त्यावर आणावे लागले.

त्यानंतर जो वाद पेटला तो कारणांचा. सरकारी वर्तुळात गोरक्षण चळवळीकडे बोट दाखवले गेले, तर टिळकांनी ‘केसरी’तून सरकारच्या पक्षपाती धोरणाला दोष दिला. हा वाद अभ्यासकांत आजही चालू आहे आणि तो चालावाही. परंतु त्याच्या आड एक साधा प्रश्न नेहमी झाकला जातो. कारण कोणतेही असो, दंगल सुरू झाल्यावर सरकार काय करत होते? गव्हर्नर लॉर्ड हॅरिस त्या दिवसांत पुण्याजवळ गणेशखिंडीला राहिले आणि मुंबईला फार उशिरा आले, ही टीका त्यांच्या नावाला कायमची चिकटली. शहर जळत असताना सत्ताधारी कोठे होता, याची नोंद लोक ठेवतात.

याआधी, फेब्रुवारी १८७४ मध्ये, सरकारचे रूप अधिकच उघडे पडले होते. एका पारशी लेखकाच्या पुस्तकातील पैगंबरांविषयीच्या मजकुरावरून मुस्लिम समाजात संताप उसळला. पारशी वस्त्यांवर आणि अग्यारींवर हल्ले झाले. पोलीस वेळेवर आले नाहीत, ही पारशांची मुख्य तक्रार. दाद मागण्यास गेलेल्या शिष्टमंडळाला गव्हर्नर सर फिलिप वुडहाउस यांनी सल्ला दिला तो असा की, मुसलमानांशी जुळवून घ्या आणि स्वतःचे रक्षण करायला शिका. ज्या राज्यकर्त्यांनी हत्यारबंदीपासून गस्तीपर्यंत दंडशक्तीची सर्व साधने आपल्या मुठीत ठेवली होती, त्यांनीच प्रजेला स्वसंरक्षणाचा उपदेश करावा! कर घेणाऱ्या सत्तेने आपल्या अस्तित्वाचे पहिले प्रयोजनच नाकारावे, असा हा प्रकार होता.

वसाहतीच्या सरकारकडून वेगळी अपेक्षा काय करायची, असे कोणी म्हणेल. म्हणून स्वतंत्र भारताच्या मुंबईकडे वळणे भाग आहे.

प्रत्येक दंगलीनंतर ‘कायदे कडक करा’ अशी मागणी होते. वस्तुस्थिती अशी की, कायदा कधीच तोकडा नव्हता. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२९ बेकायदा जमाव पांगवण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्याला तर देत होतेच, शिवाय पोलीस ठाण्याच्या प्रमुखालाही देत होते. कलम १३० दंडाधिकाऱ्याला लष्कर बोलावण्याची मुभा देत होते आणि त्याच वेळी कमीत कमी बळ वापरण्याची अटही घालत होते. दंडाधिकाऱ्याशी संपर्कच होऊ शकत नसेल आणि सार्वजनिक सुरक्षितता उघड धोक्यात असेल, तर लष्करी अधिकाऱ्याने स्वतः पाऊल उचलावे, हे कलम १३१ मध्ये होते. २०२३च्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही हीच चौकट कायम राहिली. कलमे होती, माणसे होती, बंदुका होत्या. कमतरता होती ती निर्णयाची.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मधील मुंबई हा त्याचा सर्वांत वेदनादायक पुरावा होय. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार दोन टप्प्यांत मिळून ९०० माणसे मरण पावली : ५७५ मुस्लिम, २७५ हिंदू, ४५ अज्ञात आणि ५ अन्य. आयोगाने राजकीय पक्षांच्या, विशेषतः शिवसेनेच्या भूमिकेविषयी जे लिहिले त्यावर आजवर पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. प्रशासनाविषयी जे लिहिले ते मात्र कमी वाचले जाते. दुर्बळ राजकीय नेतृत्व, राजकीय कारणांसाठी केलेली चालढकल आणि पोलीस आयुक्तांना मिळालेले परस्परविरोधी आदेश, यांमुळे गोंधळ थेट शिपायापर्यंत झिरपला, असा आयोगाचा निष्कर्ष आहे. लष्कराचा परिणामकारक वापर करावा की नाही, याचा विचार करण्यात मुख्यमंत्र्यांनी चार मोलाचे दिवस घालवले, हेही त्यात नोंदलेले आहे. लष्कर शहरात होते, पण बराच काळ केवळ संचलनापुरते. जमावबंदीच्या काळात महाआरत्या होऊ दिल्या गेल्या, आणि काही महाआरत्यांहून परतणाऱ्या जमावांनी हल्ले केल्याच्या नोंदी अहवालात आहेत.

येथे ‘दिसताक्षणी गोळ्या घाला’ म्हणणाऱ्यांनी एक आकडा पाहावा. त्या ९०० मृत्यूंपैकी ३५६ पोलिसांच्या गोळीबारात झाले आणि ३४७ भोसकाभोसकीत. म्हणजे त्या काळात मुंबईत बळाचा वापर झाला नाही, असे म्हणताच येत नाही. बळ वापरले गेले, परंतु उशिरा, विस्कळीतपणे, आणि आयोगाच्या मते, पोलीस दलातील मुस्लिमविरोधी पूर्वग्रहासह. ३१ पोलिसांवर आयोगाने ठपका ठेवला. कठोरपणा आणि निःपक्षपातीपणा या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पहिली असून दुसरी नसेल, तर नागरिकांच्या एका गटाच्या दृष्टीने पोलीस हा दंगलीतला आणखी एक पक्ष ठरतो.

आता मुंबईपासून पन्नास किलोमीटरही दूर नसलेल्या भिवंडीकडे पाहू. यंत्रमागांचे, दाट वस्तीचे, कष्टकऱ्यांचे हे गाव. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी येथे भीषण दंगल झाली आणि तिचे लोण जळगाव, महाडपर्यंत गेले. न्यायमूर्ती मादन आयोगाने त्या वेळच्या पोलीस तपासातील पक्षपातावर कठोर ताशेरे ओढले. १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा जळाली. अशा गावात डिसेंबर १९९२ मध्ये वणवा पेटणार, हे कोणीही गृहीत धरले असते. भिवंडी शांत राहिली.

याचे मोठे श्रेय १९८८ नंतर तेथे पोलीस उपायुक्त असलेल्या सुरेश खोपडे यांनी उभ्या केलेल्या मोहल्ला समित्यांना दिले जाते. या समित्यांत नामांकित पुढाऱ्यांपेक्षा दोन्ही समाजांतले सामान्य रहिवासी अधिक होते, आणि वस्तीतला पोलीस त्यांच्यासोबत नियमित बसत असे. नळावरचे भांडण, उसनवारीची तक्रार, मिरवणुकीचा मार्ग असे किरकोळ विषय तेथे निघत. दंगलीच्या रात्री अफवा आली, तेव्हा ती खरी की खोटी हे विचारायला ओळखीचा माणूस होता, आणि तो माणूस पलीकडच्या धर्माचा होता. गुप्तवार्तेचे याहून चांगले जाळे कोणत्याही कार्यालयात विणता येत नाही. १९९३ नंतर मुंबईतही सतीश साहनी आणि ज्युलिओ रिबेरो यांच्या पुढाकाराने असे प्रयत्न झाले.

आक्षेप रास्त आहे : एका अधिकाऱ्याची तळमळ म्हणजे धोरण नव्हे, बदलीचा कागद आला की समिती विरते. म्हणूनच समिती चालवणे हे वरिष्ठांच्या मूल्यमापनाचा भाग व्हायला हवे. गुन्हेगार किती पकडले याची नोंद होते, तशी टळलेल्या दंगलीची होत नाही. आणि दंगल सुरू झालीच, तर कोणता निर्णय कोणी, किती वाजता घेतला, हे लेखी असावे आणि ठरावीक मुदतीत विधिमंडळापुढे यावे. चार दिवस कोठे गेले हे शोधायला पाच वर्षांचा आयोग लागू नये. तो आयोगसुद्धा जानेवारी १९९६ मध्ये राज्य सरकारने गुंडाळला होता. त्याच वर्षी मे महिन्यात तो पुनरुज्जीवित झाला आणि अहवाल फेब्रुवारी १९९८ मध्ये सादर झाला.

दंगलीनंतरचे वर्तन हाही प्रशासनाच्या प्रतिसादाचाच भाग असतो, हे बहुधा विसरले जाते. १२ मार्च १९९३च्या बॉम्बस्फोटांत २५७ जण मरण पावले. त्या खटल्यात विशेष न्यायालयाने १२३ आरोपींपैकी १०० जणांना दोषी ठरवले. ते योग्यच झाले. परंतु त्याआधीच्या दंगलीच्या दोन हजारांहून अधिक प्रकरणांपैकी तेराशेहून अधिक ‘अ’ समरी म्हणून, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाही असे म्हणून, बंद झाली. शहर एकच, वर्षही जवळजवळ एकच, आणि न्यायाची मापे दोन.

४ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, त्या काळात कायदा व सुव्यवस्था राखण्यात राज्य अपयशी ठरले होते आणि त्यामुळे पीडितांना राज्याकडून भरपाई मागण्याचा हक्क आहे. दंगलीत बेपत्ता झालेल्यांची संख्या १६८ होती. त्यांपैकी ६० जणांच्या कुटुंबांना भरपाई पोहोचली होती. उरलेल्या १०८ जणांच्या वारसांचा शोध घ्या, असा आदेश न्यायालयाला दंगलीनंतर जवळपास तीस वर्षांनी द्यावा लागला, आणि त्यावर देखरेख ठेवण्यासाठी महाराष्ट्र राज्य विधी सेवा प्राधिकरणाच्या सदस्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली.